फांदी लावण्याची घाई नको

एखाद्याने गुलाबाची छाटलेली फांदी आणून दिली, की आपली धावपळ सुरू होते. आधी ती पाण्यात ठेवायची, मग पाने कमी करायची, ओल्या मातीत खोचायची, वर सावली धरायची. तासभर उन्हात विसरली, तर ती मान टाकते आणि मग तिचे काही खरे नसते. आता दुसरी फांदी घ्या. ‘जेड’ या नावाने घरोघरी खिडकीत दिसणाऱ्या मांसल झुडपाची. जाणता माळी ही फांदी कापतो आणि चक्क कोपऱ्यातल्या फळीवर टाकून देतो. चार दिवस तिला माती नाही की पाणी नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी तो ती कोरड्याशा वाळूत खोचतो, आणि तरीही पाणी घालण्याची घाई करीत नाही.

एका फांदीला तासाभराचा उशीर सोसत नाही आणि दुसरीला चार दिवसांचा उशीर हवाच असतो, हे कसे? पुष्कळांना हा माळ्याचा लहरीपणा वाटतो. ते जेडची फांदी गुलाबासारखीच लावतात, रोज मायेने पाणी घालतात, आणि दहा-बारा दिवसांनी उपटून पाहतात तो बुडखा काळा, लिबलिबीत आणि घाण वास येणारा झालेला असतो. फांदी तहानेने गेली अशी समजूत करून घेऊन पुढच्या खेपेला ते आणखी पाणी घालतात!

फांदी झाडापासून वेगळी केली, की तिच्यावर दोन संकटे एकदम येतात. पाणी आत येण्याची वाट बंद होते, पण बाहेर जाण्याची चालूच राहते, हे पहिले. कापल्या जागी उघडी जखम होते, हे दुसरे. त्या वनस्पतीच्या बाबतीत यांपैकी कोणते संकट मोठे, यावर ती लावण्याची रीत ठरते. गुलाबाला पहिले संकट मारते, जेडला दुसरे. असे का, ते आता पाहू या.

तुमच्याकडचे जेड कोणते?

त्याआधी आपल्या खिडकीतले जेड नीट निरखा, कारण या एका नावाखाली दोन निराळ्या वनस्पती विकल्या जातात. एक क्रॅसुला ओव्हाटा. तिची पाने जाड, चकचकीत, तीन ते सहा-सात सेंटिमीटर लांब असतात आणि खोड करड्या रंगाचे, जाडजूड असते. दुसरी पोर्चुलॅकेरिया आफ्रा. तिची पाने जेमतेम नखाएवढी, गोलसर, आणि कोवळ्या फांद्या तांबूस. आपल्याकडच्या रोपवाटिकांत जेड म्हणून बहुधा ही दुसरीच हाती पडते. दोन्ही मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या. जेड लावल्याने घरात पैसा येतो असे विकणारे सांगतात; तो विकणाऱ्याच्या घरात येतो, एवढे मात्र खरे.

पोर्चुलॅकेरिया या शब्दाचा अर्थ ‘पोर्चुलाकासारखी’, आणि पोर्चुलाका म्हणजे आपली घोळभाजी. बाजारात मिळणाऱ्या या आंबूस भाजीचे तांबडे, रसरशीत देठ आठवा. शेतात हीच घोळभाजी तण म्हणून उगवते. खुरपून बांधावर टाकली तरी ती दिवसेंदिवस हिरवी राहते आणि पावसाची एक सर आली की तुकड्या-तुकड्याला मुळे फुटतात. शेतकऱ्याला वैताग आणणारा हाच गुण जेडमध्ये असला, की आपण त्याचे कौतुक करतो.

पाण्याचा जमाखर्च

गुलाबाचे पान पातळ असते. त्यावर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात हे तुम्ही शिकला आहातच. अन्न तयार करण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड याच दारांनी आत येतो. प्रकाशाशिवाय अन्न तयार होत नाही, म्हणून दारे दिवसा उघडी ठेवावी लागतात. आणि दारे उघडी म्हटली की आतले पाणी वाफ होऊन बाहेर जाणारच. मुळे पुरवठा करीत असतात तोवर हे खपून जाते. फांदी कापली की जमा थांबते, खर्च मात्र तसाच चालू राहतो. मग एका दुपारीत दिवाळे निघते.

जेडचे पान मधोमध मोडून पाहा. आतला भाग ओला, पारदर्शक दिसतो. तिथे मोठमोठ्या पेशी असतात आणि प्रत्येक पेशीत पाण्याने भरलेली मोठी रिक्तिका असते. बाहेरून मेणचट थराचा लेप असतो. म्हणजे साठाही मोठा आणि गळतीही कमी. पण या झाडांची खरी हुशारी यापुढेच आहे, आणि तिचा एक जुना धागा आपल्या देशात सापडतो.

बेंजामिन हाइने नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मद्रास इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. त्याचे एक पत्र १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. पानफुटीची पाने सकाळी चाखली तर चुक्यासारखी आंबट लागतात, दुपारी त्यांना चवच नसते आणि संध्याकाळकडे ती किंचित कडवट होतात, असे त्याने त्यात कळवले होते. एकच पान, आणि दिवसाच्या तीन प्रहरी तीन चवी! हाइनेला याचे पुरते स्पष्टीकरण देता आले नाही. त्याचे रसायनशास्त्र उलगडायला विसावे शतक उजाडावे लागले.

प्रकार असा आहे. पानफुटी, क्रॅसुला आणि त्यांच्यासारख्या कित्येक मांसल वनस्पती आपली पर्णरंध्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री हवा थंड आणि दमट असल्यामुळे पाणी फारसे उडत नाही. पण रात्री प्रकाश नाही, मग आत घेतलेल्या कार्बन डायऑक्साइडचे करायचे काय? तो मॅलिक आम्लात गुंतवून रिक्तिकांत साठवला जातो. पहाटेपर्यंत पान आम्लाने भरून जाते. दिवस उजाडला की दारे बंद होतात, आम्ल मोडते, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटा होतो आणि बंद दाराआड, सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार होते. दुपारी आम्ल संपले, की आंबटपणाही संपला. क्रॅसुलाच्या कुळात ही रीत ठळकपणे आढळली म्हणून तिला क्रॅसुलेसी आम्ल चयापचय म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे सुटसुटीत नाव ‘कॅम’. लहान पानांचे जेड तर आणखी व्यवहारी आहे. पाणी मुबलक असते तेव्हा ते इतर झाडांप्रमाणे दिवसा दारे उघडते, आणि टंचाई आली की रात्रपाळी सुरू करते.

अशा वनस्पतीची फांदी कापून फळीवर ठेवली तर काय होईल? पाणी बंद झाले हे कळताच ती रात्रीचीही दारे जवळजवळ मिटून घेते. श्वसनातून आतल्या आत निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड पुन्हा आम्लात बांधायचा आणि दिवसा तोच पुन्हा वापरायचा, असे तिचे चालते. यात वाढ होत नाही, पण जीव तगून राहतो. म्हणून चार दिवस म्हणजे जेडच्या फांदीला काहीच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी पाने थोडी सुरकुततात, एवढेच.

जखम आधी भरली पाहिजे

आता दुसरे संकट. कापलेल्या फांदीचे टोक म्हणजे चिरडलेल्या, फुटलेल्या पेशींची एक चकती असते. फुटलेल्या पेशींतून साखर आणि इतर पोषक द्रव्ये पाझरतात. मातीतल्या बुरशीला आणि जिवाणूंना यापेक्षा चांगली मेजवानी कोणती? त्यांतले काही जिवाणू पेशींना एकमेकींशी जोडणारे पेक्टिनच विरघळवून टाकतात. मग ऊतींचा बांधा ढासळतो आणि घट्ट खोडाचा लगदा होतो. पेशी जितक्या मोठ्या, पातळ भिंतींच्या आणि पाण्याने भरलेल्या, तितके हे काम सोपे. पाण्याचा जो साठा फांदीला तहानेपासून वाचवतो, तोच सडण्याला आमंत्रण देतो.

फांदीकडे यावर उपाय असतो. त्याला अवधी मात्र द्यावा लागतो. टोकाच्या मेलेल्या पेशी वाळून पापुद्रा बनतात. त्यांच्या खालच्या जिवंत पेशी आपल्या भिंतींवर सुबेरिन नावाचे मेणासारखे द्रव्य चढवू लागतात. त्यानंतर आत नव्या पेशींचा थर तयार होऊन जखमेवर बुचासारखे झाकण बसते. गुडघा खरचटला की आपल्याला जशी खपली धरते, तसेच हे समजा. फरक इतकाच, की आपली खपली पडून जाते आणि झाडाचे झाकण कायमचे असते. या कामाला हवा आणि माफक ऊब लागते. म्हणून फांदी वाऱ्याच्या पण सावलीच्या जागी ठेवायची. कडक उन्हात ती झटपट वाळेल खरी, पण वाळणे आणि भरून येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बटाटा लावणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. बियाण्याचे मोठे बटाटे डोळे राखून कापल्यावर त्या फोडी तशाच ओल्या जमिनीत पुरल्या तर सडण्याची भीती असते. म्हणून त्या सावलीत पसरून कापलेली बाजू भरून येऊ देतात. तत्त्व तेच आहे.

मुळे येतात कोठून?

फांदीला मुळे नव्हती, मग ती आली कोठून? खोडाच्या आत पाण्याच्या आणि अन्नाच्या नळ्यांलगत अशा काही पेशी असतात, की ज्यांची विभाजनाची क्षमता संपलेली नसते. योग्य इशारा मिळाला की त्या विभागू लागतात, त्यांचा गोळा बनतो, त्यातून मुळाचे टोक आकार घेते आणि साल फोडून बाहेर पडते. नेहमीच्या जागी न येता अशी भलत्याच जागी येणारी मुळे म्हणजे आगंतुक मुळे. जेडच्या फांदीवर ती पेरांजवळ, म्हणजे पाने जिथून फुटतात त्या जागी, चटकन येतात. जुन्या झाडाच्या खोडावर पेरांपाशी कधी कधी हवेतच बारीक तांबूस तंतू लोंबताना दिसतात, ती हीच मुळे.

हा इशारा देणारे मुख्य द्रव्य म्हणजे ऑक्सिन. फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने १९२८ साली ओटच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून ते वेगळे काढून दाखवले. ऑक्सिन शेंड्याकडे आणि कोवळ्या पानांत तयार होते आणि खालच्या दिशेने वाहते. फांदी कापली की त्याची पुढची वाट तुटते, ते कापल्या टोकापाशी साचते, आणि तिथल्या पेशींना मुळे काढण्याची आज्ञा मिळते. दुकानात मिळणाऱ्या, मुळे फुटावीत म्हणून लावायच्या पावडरीत इंडोल ब्युटिरिक आम्ल हे ऑक्सिनाच्याच जातीचे रसायन असते. जेडला तिची गरज नाही; तो पैसा वाचवा.

खालच्या दिशेने म्हणजे पृथ्वीच्या दिशेने का? तसे नाही. हर्मान फोश्टिंग या जर्मन शास्त्रज्ञाने विलोच्या डहाळ्या दमट हवेत टांगून ठेवल्या. काही सुलट, तर काही उलट्या. उलट्या टांगलेल्या डहाळ्यांनाही मुळे मुख्यत्वे मूळच्या बुडख्यालाच, म्हणजे आता वर असलेल्या टोकाला आली. १८७८ साली त्याने हे प्रसिद्ध केले. डहाळीला आपला शेंडा कोणता आणि बुडखा कोणता याची जी आठवण असते, तिला ध्रुवता म्हणतात. तेव्हा ढीगभर फांद्या कापताना कोणते टोक खालचे याची खूण ठेवायला विसरू नका. माळी खालचे टोक तिरपे आणि वरचे सरळ कापतात ते उगीच नव्हे.

प्रत्यक्ष लावताना

बागकामात अशा कापून लावायच्या तुकड्याला छाट म्हणतात. जेडची छाट करंगळीएवढी किंवा वीतभर, कशीही चालते. फार कोवळी, हिरवी मात्र नको. ज्या झाडाची घ्यायची ते आधी तपासा. पानांच्या बेचक्यांत पांढऱ्या कापसासारखे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण आहे. छाट कलमातून आईचे गुण येतात तसे तिचे रोग आणि किडीही येतात. बियांच्या बाबतीत हे पुष्कळ अंशी टळते. धारदार पाते उकळत्या पाण्यातून काढून घ्या आणि एका झटक्यात कापा. बोथट कात्रीने पेशी चेंगरतात आणि जखम मोठी होते. खालची पाने काढून टाका, कारण वाळूत गाडलेले पान हमखास कुजते.

मग ती सावलीत ठेवून द्या. कोरड्या हवेत चार-पाच दिवस पुरतात. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत आठवडा, दहा दिवस लागू शकतात. दिवस मोजत बसण्यापेक्षा टोकाला बोट लावून पाहा; ते कोरडे, कडक लागले पाहिजे. भर पावसाळ्यात हा उद्योग शक्यतो करू नका. दसऱ्यानंतर थंडी कडक होण्याआधी, किंवा होळीच्या सुमारास करावा.

कुंडी मातीची, बुडाला भोक असलेली, आणि लहानच घ्या. मोठ्या कुंडीत मुळांच्या आवाक्याबाहेर राहणारी माती ओलीच राहते. भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा. भरायला धुतलेली जाडी वाळू आणि विटांचा बारीक चुरा निम्मे-निम्मे घेतला तर उत्तम. काळी माती अजिबात नको. ती पाणी धरून ठेवते आणि हवेला जागा देत नाही, आणि मुळांना फुटतानाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतोच. खत तूर्त नको. मुळेच नाहीत, ते खाणार कोण? छाट दोन पेरे आत जातील एवढी खोचा, डळमळत असेल तर काडीचा आधार द्या, आणि उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवा. पहिले पाणी चार दिवसांनी, बेताने. पुढचे, वरची वाळू बोटभर खोल कोरडी झाल्यावर.

तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. ती आली की नाही हे पाहण्यासाठी रोज छाट उपसणारे लोक मी पाहिले आहेत. नवी मुळे केसासारखी नाजूक असतात आणि दर पाहणीत तुटतात. हलकेच ओढून पाहावे, किंचित विरोध जाणवला की समजावे. त्याहून चांगली खूण म्हणजे सुरकुतलेली पाने पुन्हा फुगतात. आत पाणी येऊ लागले याचा तो पुरावाच. त्यानंतर महिन्याभराने पोयट्याची माती, वाळू आणि थोडे चांगले कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात झाड हलवावे.

एक सावधगिरीची सूचना. हीच रीत शेर, त्रिधारी निवडुंग किंवा लाल-पिवळ्या फुलांचे काटेरी युफोर्बिया यांनाही चालते, पण त्यांचा पांढरा चीक दाहक असतो. डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. ही झाडे मोठ्या माणसांवाचून कापू नयेत.

नुसत्या पानापासून

फांदी नसली आणि एखादे पान हाती लागले तर? इथे प्रत्येक वनस्पतीची तऱ्हा निराळी. मोठ्या पानांच्या क्रॅसुलाचे पान हलके पिळून, देठाकडचे टोक शाबूत ठेवून काढले आणि वाळूवर नुसते ठेवून दिले, तर काही आठवड्यांत त्या टोकाला मुळे आणि मग इवलासा कोंब येतो. लहान पानांच्या जेडचे पान कधी मुळे काढते, पण कोंब सहसा येत नाही. म्हणून त्याची फांदीच लावावी.

पानफुटीची गोष्ट सर्वांना माहीत असते. पान वहीत ठेवले तरी कडेच्या खाचांतून रोपे डोकावतात. या खाचांत सुप्त कळ्या आधीपासूनच असतात. पान झाडावर असते तोवर त्या गप्प असतात. तोडले की जाग्या होतात. जाक लोब या शास्त्रज्ञाने यावर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १९२४ सालच्या आपल्या ग्रंथात ते मांडले. तोडलेले पान जितके जड, तितके त्यापासून येणाऱ्या मुळा-कोंबांचे वजन जास्त, असे त्याने तराजू वापरून दाखवले. उगवण्याचे हे गूढही वजनाकाट्यावर चढवता येते, याचे त्याला मोठे अप्रूप होते. पानफुटीची जास्तीची रोपे मात्र शेतात किंवा कुरणात फेकू नका; ती खाल्ल्याने गुरांना विषबाधा होते. तिच्या एका बहिणीने तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये तण होऊन उच्छाद मांडला आहे.

सर्वांत विचार करायला लावते ते स्नेक प्लांट. लांब, उभ्या, तलवारीसारख्या पानांचे हे झाड. त्याचे एक पान आडवे कापून बोट-बोट लांबीचे तुकडे करा, जखमा भरू द्या आणि प्रत्येक तुकडा खालची बाजू खाली ठेवून वाळूत उभा करा. दोन-तीन महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, बुडाशी नवा कोंब येतो. आता हा प्रयोग पिवळ्या काठाच्या पानांवर करा. नवा कोंब येतो, पण संपूर्ण हिरवा! काठ नाहीसा झालेला असतो.

छाट कलमाने आलेले झाड आईची हुबेहूब प्रत असते, असे आपण पुस्तकात वाचतो. मग हे काय झाले? पिवळ्या काठाचे हे झाड मुळात एका जातीच्या पेशींचे बनलेलेच नसते. त्याच्या आतल्या पेशी हरितद्रव्य बनवणाऱ्या आणि काठाच्या पेशी ते न बनवणाऱ्या असतात. दोन वेगळ्या वंशांच्या पेशी एका अंगात नांदत असतात. ग्रीक पुराणातल्या सिंह, बकरी आणि साप यांच्या मिश्र प्राण्यावरून अशा वनस्पतीला कायमेरा म्हणतात. पानाच्या तुकड्यातून येणारा कोंब आतल्या हिरव्या पेशींपासून उगवतो, म्हणून तो हिरवाच निघतो. पुस्तकातला नियम खोटा ठरत नाही, पण तो नेमका करावा लागतो: नवे झाड त्याच पेशींची प्रत असते, ज्यांपासून ते निघाले. काठ हवा असेल तर पान लावून उपयोग नाही; कुंडीतला बुंधा मुळांसकट विभागूनच लावावा लागतो. त्यात दोन्ही जातींच्या पेशी असलेला शेंडा शाबूत राहतो.

जेडच्या मायदेशी

लहान पानांचे जेड आपल्याकडे कुंडीत हातभर वाढते. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात ते दोन-तीन पुरुष उंचीचे होते आणि त्याची दाट झाडी डोंगरउतार व्यापून टाकते. तिथे त्याला स्पेकबूम म्हणतात. १९३१ साली स्थापन झालेल्या ॲडो हत्ती राष्ट्रीय उद्यानात हत्तींचे ते आवडते खाद्य आहे. हत्ती वरून शेंडे ओरबाडतो. जमिनीलगतच्या फांद्यांचा घेर तसाच राहतो आणि टेकल्या जागी मुळे धरतो. हत्तीच्या तोंडातून पडलेल्या डहाळ्याही रुजतात. म्हणजे छाट कलमे करणारा पहिला माळी हत्तीच म्हणायचा.

पुढे तिथे माणसांनी लोकरीसाठी शेळ्या फार पाळल्या. शेळी खालून खाते. जमिनीलगतचा घेरच तिने फस्त केला, तेव्हा झाडीला पसरायची सोयच उरली नाही आणि लाखो हेक्टर जमीन उजाड झाली. अशा उघड्या, तापलेल्या जमिनीवर बी पडले तरी कोवळे रोप तगत नाही. मुळे नसलेली, पण स्वतःचे पाणी बरोबर आणणारी छाट मात्र तगू शकते. १९७० नंतरच्या दशकात तिथल्या एका शेतावर अशा छाटांची लागवड झाली होती. सत्तावीस वर्षांनी तिथे मोजणी करून शास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केले, की झाडीत आणि खालच्या जमिनीत कार्बनचा मोठा साठा पुन्हा जमला आहे. २००४ पासून सरकारी मदतीने मोठ्या प्रमाणावर नुसत्या फांद्या थेट जमिनीत खोचण्याचे काम तिथे सुरू झाले. ते सगळीकडे साधले नाही. काही जागी जनावरांनी छाटा खाल्ल्या. दहिवर गोठणाऱ्या सखल दऱ्यांत लावलेल्या पुष्कळशा गारठून मेल्या, कारण पाण्याने टिच्च भरलेल्या पेशींना गोठणे सोसत नाही. छाट कणखर असली तरी जागा चुकली तर तिचाही इलाज चालत नाही.

वर्गात करून पाहा

फळीवर सुकवणे खरोखर आवश्यक आहे का, हे माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करू नका. एकाच झाडाच्या, साधारण सारख्या जाडीच्या तीस छाटा घ्या. दहा कापताक्षणी लावा, दहा पाच दिवस सुकवून आणि दहा पंधरा दिवस सुकवून. वाळू, कुंडी, उजेड सारखे ठेवा आणि लावल्या दिवसापासून सर्वांना सारखेच, मुद्दाम थोडे जास्त, पाणी घाला. पाणी बेताचे घातले तर न सुकवलेल्याही कदाचित तगतील आणि फरक दिसणार नाही. लावल्यापासून तीस दिवसांनी किती कुजल्या, किती रुजल्या ते मोजा. कोणत्या कुंडीत कोणती छाट हे मोजणाऱ्याला सांगू नका.

दुसरा प्रयोग तराजूचा. गुलाबाची आणि जेडची एकेक फांदी दोऱ्याने टांगा आणि रोज ठरल्या वेळी वजन करा. पहिल्या दिवसाचे वजन १०० धरून आलेख काढला तर दोन रेषांच्या उतारातला फरक शेवटच्या बाकावरूनही दिसेल.

तिसरा हाइनेचा, पण जिभेऐवजी रसायनाने; पानफुटी चाखायची नाही. दोन-तीन दिवस चांगल्या उन्हात असलेल्या झाडाचे एक जून पान सूर्योदयापूर्वी आणि दुसरे दुपारी चारला घ्या. प्रत्येकी पाच ग्रॅम वजन करून सारख्या ऊर्ध्वपातित पाण्यात वाटा आणि गाळा. सकाळचे पान लगेच वाटून गाळायचे, दुपारपर्यंत ठेवायचे नाही. गाळलेल्या द्रवात दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन टाका आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत जा. टिकून राहणारा गुलाबी रंग यायला सकाळच्या पानाला किती थेंब लागले आणि दुपारच्या पानाला किती, ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. मग एखाद्या पातळ पानाच्या झाडावर, म्हणजे जास्वंदीवर, हेच करून तिसरा आणि चौथा आकडा त्यांच्याखाली मांडा.